नऊ अर्जांवरचे दोन अंगठे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पहिलं स्वतंत्र काम! राजदीप सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घे, तू एकटीच कर." सर बावीस वर्षं ठसेच पाहत आलेत. माझं नाव अजून अधूनमधून चुकवतात, पण ठसा चुकत नाहीत.

नऊ अर्ज आहेत, २००९ सालचे. मुलचेऱ्याकडच्या एका छोट्या गावातल्या लोकांनी जंगलातली पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नावावर व्हावी म्हणून केलेले. आता कोणीतरी तक्रार केलीय की त्यावरचे अंगठे अर्जदारांचे नाहीतच. चौकशी समितीने अर्ज पाठवलेत, सोबत नऊ जणांचे ताजे ठसे. जुळवून सांगायचं, एवढंच.

आईला आरमोरीला फोन केला. म्हणाली, "नीट पाहून सांगजो. कोनाचं वाटोळं नको करू." मी म्हटलं, अगं, अंगठा खोटं बोलत नाही! — डायलॉग बरा जमला.

५ नोव्हेंबर, बुधवार

एकही जुळला नाही. नऊपैकी शून्य!

आधी आकार पाहिला. शंख, चक्र की कमान. (शाळेत आम्ही एकमेकींच्या बोटांवरची चक्रं मोजायचो. दहा चक्रं म्हणजे राणी. माझी तीनच, त्यामुळे मी कायम दासी.) आकार सारखा असून काही सिद्ध होत नाही, अर्ध्या गावाला शंख असतात. मग भिंग लावून एकेक रेघ धरायची. कुठे संपते, कुठे फाटा फुटतो, कुठे नुसता ठिपका. या खुणा त्याच जागी, त्याच क्रमाने सापडायला हव्यात. दिवसभर बसले, मान आखडली. नाहीच सापडल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज ऑफिसात ओरडलेच. अर्ज एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर पाचही पुरुषांच्या अर्जांवर एकच अंगठा! आणि चारही बायकांच्या अर्जांवर दुसरा एकच! म्हणजे आरोपी दोन — एक बुवा, एक बाई. चक्क टोळी. सर नुसते "हं" म्हणाले. चहा मात्र त्यांनी मागवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गावात जाऊन आलो. धानाची कापणी चालू आहे. तरी सगळे जमले. मी कमावलेल्या आवाजात विचारलं, "हे दोन अंगठे कोणाचे?"

लोक हसायलाच लागले. अन्नपूर्णाबाई — नऊ अर्जदारांतल्या एक — पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "वारलूभाऊचे होत ना म्याडम."

वारलूभाऊ सत्तरीचे. खाटेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"तेंदूपानाचा हंगाम होता. सारं गाव जंगलात, पानं तोडाले. माहा पाय मोडला होता म्हनून मी घरी. साहेब फारम घेऊन आला, म्हने आजच्या आज अंगठे पाह्यजे. सारे सांगून गेले होते, आमचाबी देऊन द्या म्हनून. मंग देल्ले."

"पण दोन वेगळे अंगठे?"

"मानसायचा डावा, बायायचा उजवा. कायदा हाय ना, बाई." माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं.

तिथेच शाई काढून त्यांचे ठसे घेतले. डावा पाच अर्जांवर, उजवा चारांवर. माझी टोळी एकटीच खाटेवर बसून बिडी ओढत होती! परतताना सर आष्टी येईपर्यंत हसत होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हसून झालं. आता अहवाल लिहायचाय.

जे आहे ते लिहिलं तर नऊ घरांची जमीन जाईल. काल अन्नपूर्णाबाईंनी बांधावर नेऊन धान दाखवलं होतं. "तुमी बरोबर लिहान ना म्याडम?" हो म्हणाले मी. आज चार कागद फाडले. आईचं वाटोळ्याचं वाक्य डोक्यातून जात नाही. भीती वाटते.

सरांना सांगितलं. म्हणाले, "खोटं लिहायचं नाही, हे तर ठरलेलं. पण समितीने तुला फक्त अर्ज पाठवले. या लोकांनी त्या वर्षी अजून कुठे अंगठे दिले असतील, ते कोणी विचारलं का?"

मी तरी कुठे विचारलं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ललिताला फोन. ती ग्रामसभेची सचिव, फटकळ आणि हुशार. म्हणाली, "ठरावबही हाय ना माह्या पेटीत. काऊन, कोनी मांगतलीच नाई."

पानांचा हंगाम संपवून लोक परतले, तेव्हा जूनमध्ये ग्रामसभा बसली होती. या नऊ दाव्यांचा ठराव झाला होता. आणि ठरावाखाली अंगठे! समितीला रीतसर मागवून घ्यायला लावली बही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नऊपैकी नऊ!!

अन्नपूर्णाबाईंचा सगळ्यात पुसट, आयुष्यभर विळा धरलेला हात. तरी बारा खुणा मिळाल्या. सोळा वर्षांत माणूस म्हातारा झाला, रेघांचा क्रम जागचा हलला नाही. सरांनी स्वतः पुन्हा सगळे तपासले, नऊच्या नऊ. अहवालात दोन्ही लिहिलं: अर्जांवरचे अंगठे वारलूंचे, ठरावाखालचे ज्याचे त्याचे. एक अक्षर लपवलं नाही. फार हलकं वाटतंय. येताना जिलबी घेतली, पाव किलो, एकटीने खाल्ली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

समितीने ठराव ग्राह्य धरला. दावे कायम! ललिताच्या फोनवर मागे ढोल ऐकू येत होता. सर म्हणाले, "शाब्बास, ऊर्मिला." नाव चुकलंच. जाऊ दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजूर यादीची प्रत आली. नऊ नावं. वारलूभाऊंचं नाही. चुकून राहिलं असेल म्हणून ललिताला फोन केला, तिने त्यांच्याच हातात दिला. तुमचा अर्ज कुठे आहे, भाऊ?

"साहेबानं नऊच फारम आनले होते ना, बाई. म्या म्हटलं पयले त्यायचे होऊन जाऊ द्या, मी त इथीच हाओ. माहा मागून भरीन."

दहावा फॉर्म घेऊन त्यानंतर कोणीच गेलं नाही.