बावन्न पूर्णांक चार

४ नोव्हेंबर

पोहोचले. घर छान आहे, आणि हे मी सहसा म्हणत नाही. जंगलाच्या कडेला, दोन मजली, कोरडं, स्वयंपाकघर लख्ख. माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. इस्पितळात रोज दीडशे ताटं मोजून देण्यापेक्षा एकाच रुग्णाचा आहार सांभाळणं मला आवडेल.

रुग्ण म्हणजे घरमालकीण ताईंची आई. ऐंशीच्या पुढच्या, नुसती हाडं आणि कातडं. लेकीकडे जाडजूड व्हायला आल्यात. ताई स्वतः रांधतात. मी आहार ठरवायचा, रोज सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं.

वजनकाटा जुना आहे, दांडीवर वजनं सरकवायचा. तो बरोबर दाखवतो का हे तपासायला प्रमाणित वजन नाही. मागवलंय. तोवर प्रमाण मीच. चार वर्षं माझं वजन बावन्न किलो चारशे ग्रॅम आहे. रोज आधी मी चढेन, मग आजी. आज मी ५२.४, आजी ३८.२. काटा चोख.

आजींनी पहिल्या तासातच मला तराजू असं नाव ठेवलं. म्हणाल्या, बाईमाणूस कसलं, तराजूच आहे, हसली तरी मोजून हसते.

६ नोव्हेंबर

आजी पडद्याआड जेवतात. दात नाहीत, परक्यासमोर चघळत बसायची लाज वाटते म्हणे. जवळ झाकणाची पिकदाणी असते, खोकल्यासाठी. ताट बाहेर येतं ते पुसल्यासारखं स्वच्छ. असा शहाणा रुग्ण मी पाहिला नाही.

जाडजूड व्हायची एवढी घाई का, असं विचारलं तर हसत सुटल्या. इकडे येताना वाटेत दोघं भेटले, खायलाच निघाले होते. आजींनी त्यांना सांगितलं, आत्ता काय हाडं चावणार, लेकीकडे जाऊन भरून येते, मग खा. दोघं कबूल झाले. ताईंनी आईला दटावलं, नव्या माणसाला घाबरवतेस म्हणून. मी घाबरत नाही.

संध्याकाळी ताई मला सूप देतात. इतकं गुळगुळीत की एक कण दाताखाली येत नाही. किंचित गोडसर. साखर घातलेली नाही म्हणतात. दोन वाडगे घेतले. थंडी वाजते म्हणून त्यांनी आजींची करडी शाल मला दिली.

९ नोव्हेंबर

फाटकाबाहेरच्या बाकावर दोघं बसलेले दिसले. लांब कोट, हातमोजे. थोरले रुंद आणि संथ, धाकट्यांचं तोंड निमुळतं, सारखं हसतं. फार अदबीनं बोलले. शाल पाहून थोरल्यांनी मलाच आजी म्हटलं, तब्येत कशी, किती भरल्या, अशी चौकशी केली. मी काही सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाला खाटीकखान्याच्या नाल्यासारखा वास होता.

काट्यात दोष निघाला. माझं वजन ५३.६ दाखवतो. म्हणजे एक किलो दोनशे जास्त. आजींच्या ३८.४ मधून तेवढे वजा केले: ३७.२. आजी घटताहेत. लोणी आणि साय वाढवली.

१४ नोव्हेंबर

काटा आणखी सरकला. मी ५६.०. दुरुस्ती तीन किलो सहाशे. आजी ३४.७! माझ्या देखरेखीखाली रुग्णाची अशी घसरण कधी झालेली नाही. आहार जवळपास दुप्पट केला. आजी सगळं संपवतात. ताट स्वच्छ.

मागच्या अंगणात भोपळ्याचा एकच वेल आहे आणि त्याला एकच भोपळा, पाण्याच्या पिंपाएवढा. ताईंनी तो पोखरलाय. आजींच्या खांद्यांचं आणि कमरेचं माप हवं होतं. मी काढून दिलं: जास्तीत जास्त रुंदी छत्तीस सेंटिमीटर. तोंड अडतीसचं ठेवा म्हटलं. कशासाठी, तर आईला घरी जायचंय ना, म्हणाल्या. या मायलेकींच्या थट्टेची आता सवय झालीय.

घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. दमट हवेनं हात सुजतात.

१७ नोव्हेंबर

सूपात पांढरा केस. लांब. बाजूला काढला आणि वाडगा संपवला. आधी असं केलं नसतं.

बाकाखाली विष्ठेचा ढीग होता. सवयीनं काडीनं उकरून पाहिला. केसांचे गोळे, हाडांचा चुरा, एक शिंपल्याचं बटण, चष्म्याची वाकलेली काडी. बाकाच्या लाकडावर चार-चार ओरखडे, बोटभर खोल. अळ्या होत्या. हात तीनदा धुतले.

माझे कपडे धुवायला टाकलेत ते परत आलेले नाहीत. आजींचा नाडीचा झगा घालते.

२१ नोव्हेंबर

प्रमाणित वजन आलं. वीस किलो, शिक्क्यासह. काट्यावर ठेवलं. दांडी वीसवर स्थिर. उतरवलं, पुन्हा ठेवलं. सात वेळा.

काट्यात दोष नाही. कधीच नव्हता.

मी चढले. ६१.८.

आजी ३८.३. पहिल्या दिवशीपेक्षा शंभर ग्रॅम जास्त. मग ते सगळं लोणी, ती साय, ती अंडी गेली कुठे?

तीच तारीख, दुपार

स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ताईंनी आजींच्या खोलीतून पिकदाणी आणली. झाकण काढलं. आत खोकल्याचं काही नव्हतं. चघळलेलं अन्न, पातळ, फेसाळ, तारा सुटणारं. चाळणीतून गाळलं. चमच्यानं दाबून दाबून गाळलं. माझ्या वाडग्यात ओतलं, गरम केलं, वरून मिरपूड.

गोडसर. लाळेनं स्टार्चची साखर होते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

मोरीत ओकले. पित्त येईपर्यंत. तेही गोडच लागलं.

२२ नोव्हेंबर

फाटकाकडे गेले. दोघं उठून उभे राहिले. थोरल्यांनी हातमोजे काढले होते. हातांच्या पाठीवर काळे पट्टे, केसाळ. परत फिरले. ताई पायरीवर होत्या. मुळीच चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तुझी आई असती तर तूही हेच केलं असतंस. आणि आहार तर तूच वाढवलास.

रात्रीचं जेवण नाकारलं. कडी लावून बसले. वाडगा दाराबाहेर ठेवून गेल्या. वास दाराच्या फटीतून —

पोट दुखतंय. भूक आहे, दुसरं काही नाही.

२३ नोव्हेंबर

वाडगा रिकामा आहे. मीच. बोटानं पुसून.

भोपळ्याचा विचार करते आहे. तो त्यांच्यासमोरून गडगडत जाईल, त्यांना कळणार नाही. आजींच्या आधी मी —

२४ नोव्हेंबर, पहाट

गेले. आत डोकं घातलं. चिकट तंतू, बिया, शेंबडासारखा गर तोंडात, नाकात. खांदे गेले. कंबर नाही. अडतीस सेंटिमीटर. मीच सांगितलं होतं. मी एक्केचाळीस.

कुणीतरी पाय धरून ओढलं. आजी. केवढी ताकद. खदखदून हसत होत्या — अगं तराजू, माप तूच दिलंस ना. सुळकन आत शिरल्या. ताईंनी झाकण बसवलं. ढकलला.

उतारावरून गेला. दोघांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

ते माझ्या शालीकडे पाहत होते.

२४, सकाळ

ताईंनी फाटक उघडलंय. वजनाच्या खोलीत आहे. दाराला इथे कडी नाही —

आत आले. फार अदबीनं. आजी, निघायचं ना म्हणाले. मी आजी नाही म्हटलं. मी बावन्न पूर्णांक चार. वही दाखवली, रोजची दुरुस्ती — थोरल्यांनी सगळी वाचली. धाकटे म्हणाले, अक्षर सुंदर आहे.

हाडं आहेत नुसती, म्हटलं, तीन आठवडे द्या. हे मागेही ऐकलंय, म्हणाले.

काट्यावर चढा म्हणतात. चढले. वही दांडीवरच धरली आहे. वजनं मीच सरकवते आहे, त्यांना जमत नाही, नखं —

साठ. एकसष्ट. मानेवर जीभ, खरखरीत, गरम, चव बघितल्यासारखी — लाळ पाठीवरून खाली — हलू नका, दांडी डोलते आहे, अजून स्थिर नाही, नीट घ्यायला हवं, बासष्ट पूर्णांक