मशीनला वाट बघता येत नाही

बिबवेवाडी, पुणे
दसऱ्यानंतरचा सोमवार

स्नेही श्यामसुंदरराव यांस हिंमतरावाचा नमस्कार.

टक, टक-टक, टक. गुरुजींची लाकडी पट्टी टेबलावर अशी वाजायची आणि सगळा वर्ग डोलत कविता म्हणायचा. सकाळपासून तोच आवाज कानात आहे, म्हणून लिहायला बसलो. (तुम्ही फोन उचलत नाही, हेही एक कारण आहेच.) कात्रजला लेकाकडे करमतं का? हाताचा कंप कसा आहे? सूनबाई चहात साखर घालू देतात का? इकडे मी बरा, म्हणजे कालच्यापेक्षा वाईट नाही.

तुम्ही तबला गुंडाळून गेलात आणि शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचं आपलं रविवारचं मंडळ पोरकं झालं. 'श्यामसुंदरराव, कविता अजून शाळेतच आहे, तुमचा ठेका घरी पोहोचलासुद्धा,' असं अभयरावांनी तुमच्या थरथरत्या हाताकडे बघून म्हणायला नको होतं. आम्ही त्यांना तसं सांगितलं. मग तेही यायचे बंद झाले. (पुण्यात माफी मागण्यापेक्षा न येणं सोपं पडतं.)

तेव्हा माझी नात राजनंदिनी, जी संगीत तयार करते (म्हणजे दार लावून बसते), तिने आपलं ड्रम मशीन बैठकीत आणून ठेवलं. चपटा डबा, वर रबरी बटणं आणि फिरवायच्या खुंट्या. म्हणाली, हे हायब्रिड आहे. अर्धे आवाज आत वीज खेळवून तिथल्या तिथे होतात, अर्धे खऱ्या वाद्यांचे, आधी ध्वनिमुद्रित करून साठवलेले. मी विचारलं, यातला थांबतो कुठला अर्धा? तर म्हणे, "आजोबा, थांबायला स्टॉपचं बटण आहे ना." आता हिला काय सांगायचं? कांताबाई दुसऱ्या कडव्याला हमखास अडकतात. तुम्ही तिथे तोच ठेका गोल गोल फिरवत, छताकडे बघत बसायचात, जणू ओळ छतालाच आठवायची आहे. मशीन आपलं पुढे निघून जातं. कांताबाई मागे एकट्या राहतात, तोंड उघडं ठेवून. ते बघवत नाही हो.

दरवर्षी दसऱ्याला आपण तुमच्या तबल्याची पूजा करायचो. यंदा पाट रिकामा बघवेना, म्हणून मशीनला बसवलं. हळद-कुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं. (तबल्यावरही शिंपडायचो; तो कधी काही बोलला नाही.) काल झऱ्याची कविता घेतली आणि 'धुम'चं बटण आत गेलं ते वर येईना. झरा धुमधुमत राहिला. कांताबाईंना वाटलं आपलं ब्लडप्रेशर, खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं आम्ही फरशी फोडतोय. शेवटी मी वायर उपटली. राजनंदिनी रागावली नाही. बारीक ब्रशने कुंकू झाडत बसली आणि एवढंच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला हे नकोच आहे ना?" मी चष्मा पुसत राहिलो.

कांताबाई चपला घालताना म्हणाल्या की आता यायला जमणार नाही. कचरूभाऊ, जे फक्त शेवटची ओळ म्हणतात, ते म्हणाले, पहिल्या ओळी कोणी म्हणणारच नसेल तर मी येऊन काय करू? म्हणजे येत्या रविवारी मी, मशीन आणि चार रिकाम्या खुर्च्या.

सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला,
हिंमतराव

ता. क. मशीन दुरुस्त झालं आहे, तेव्हा तुम्ही आला नाहीत तरी आमचं काही अडणार नाही.

ता. क. वरचं खोडलं आहे असं समजा. रविवारी या. हात थरथरतो तर थरथरू द्या. आमचे गळे तरी कुठे स्थिर आहेत? चुकलात तर आम्ही तुमच्याबरोबर चुकू.

बेल वाजली. बघून येतो.

ता. क. दारात अभयराव आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत, पायपुसण्यावरच उभे आहेत. तुम्हाला पत्र लिहिणार असं मी काल कांताबाईंना म्हणालो होतो, त्यांनीच यांना सांगितलेलं दिसतं. म्हणतात, "पत्र झालं असेल तर द्या इकडे. मला कात्रजला जायचंच आहे."

त्यांचं कात्रजला तुमच्याशिवाय कोणी नाही.