मेणाच्या उबेवर

५ डिसेंबर १९७१
संध्याकाळी सायरन झाला. ब्लॅकआउट, म्हणून ऑफिसने इस्पितळाचा मेन स्विचच बंद केला. माझ्या ड्यूटीच्या वॉर्डात सुधाची, म्हणजे धाकट्या जावेची, आठव्या महिन्यातच जन्मलेली पोर. लाकडी पेटीत, बल्बच्या उबेवर. बल्ब गेला, ऊब गेली! सुधाला ताप, तिच्याजवळ देता येईना. मीच पोटाशी धरून बसले. खाली होमगार्ड ओरडतोय, "बेन, लाइट बंध करो!" मेल्या, आहे कुठे लाइट?

७ डिसें.
सासूबाईंनी कहर केला. मी गरम पाण्याच्या पिशव्या आणायला गेले, तेवढ्यात वाडीतल्या घरून आणलेली कोळशाची शेगडी पेटीखाली सरकवली. वर ओव्याची धुरी! "आमची सगळी ह्याच शेकावर वाढली." खिडक्यांना काळे कागद, दारं बंद. पोर निळी पडली. उचलून व्हरांड्यात पळाले. श्वास आला. नंतर सासूबाईंना नको ते बोलले.

९ डिसें.
पिशव्या लगेच निवतात. आज गुडघ्यांना मेणाचा शेक देतात त्या खोलीत गेले. पातेल्याखालची आच केव्हाची बंद, मेण तरी गरमच. घरी ह्यांना सांगितलं. हे मकरपुऱ्याला कारखान्यात सुपरवायझर. म्हणाले, "थिजता थिजता ऊब देत राहणार ते. डबा करून देतो."

११ डिसें.
पत्र्याचा बंद डबा, आत मेण. दिवे जायच्या आत गरम करून ठेवायचा, सायरन झाला की पेटीच्या तळाशी. मोठे डॉक्टर भडकले. "फुटून पोरीवर सांडलं तर जबाबदार कोण?" "मी," म्हटलं. आधी रिकाम्या पेटीत थर्मामीटर ठेवून पाहिलं. फार तापली. मध्ये घोंगडीची घडी घातली, तेव्हा जमलं.

१२ डिसें.
सायरन. ऑल क्लिअर होईस्तोवर पोरीचे पाय ऊबदार! सुधा हसली. देवा...

१४ डिसें.
काल मांडवीच्या एका गुजराती बेनला मुलगा झाला. दिवस न भरलेला, आपल्या पोरीहून लहान. कालच संध्याकाळी पुन्हा सायरन. डबा एकच. मुलगा गारठत चालला. मीच पोरीच्या पेटीतला डबा काढला, त्याच्या पेटीत ठेवला. पोरीला कापसात गुंडाळलं.
सुधा म्हणाली, "ताई, तुम्ही तिच्या काकू की नुसत्या सिस्टर?"
मुलगा तरला.
आज सकाळपासून पोर दूध ओढत नाही. ह्यांना निरोप धाडलाय. दुसरा डबा करताहेत, पण सांधे बुजवायला डाग द्यायचा अजून राहिलाय म्हणे. सुधाने माझ्याकडे पाठ केली आहे.