गुडघ्यातली परांची

२३ डिसेंबर, नोएडा, हॉस्पिटल
ऑपरेशन झालं. मेट्रोच्या जिन्यावर पडले तेव्हा गुडघ्यातल्या कूर्चेला भोक पडलं होतं. त्यात डॉक्टरांनी स्पंजसारखी जाळी बसवली. माझ्याच पेशी तिच्यावर येऊन राहणार, नवी कूर्चा धरणार, मग जाळी आपोआप विरघळणार. म्हणजे इमारतीची परांचीच की. पण सहा आठवडे त्या पायावर भार नाही, खाली बसणं तर नाहीच. जाळी सुटली तर पुढं सांधाच बदलावा लागेल. माताजी, बिल्कुल नहीं, म्हणाले. एक्कावन्नाव्या वर्षी माताजी. मी पण त्यांना बेटा म्हणलं. टक्कल आहे त्यांना.
निश्चय: सगळं पाळायचं.

२ जानेवारी
पाळतेय. चहापुरती ओट्यापर्यंत जाते कुबड्यांशिवाय, ते चालण्यात धरत नाहीत. पुष्कर ऑफिसातून आला तेव्हा कुबड्या काखेत होत्या. शहाणी आई आहे, म्हणाला. भाबडं पोरगं, बापावर गेलंय.

९ जानेवारी
सोसायटीतल्या हेमांगीचा फोन. अठराला तिच्याकडं मंडळाचं हळदीकुंकू. यंदा सगळ्याच बायकांना बोलवायचंय, काकू तुम्ही पण याच, म्हणाली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी बोलावलं. बघते, म्हणलं. मला तशी हौस नाही. जांभळी साडी इस्त्रीला दिली. द्यायचीच होती.

१३ जानेवारी
गुडघा जरा पण दुखत नाही. म्हणजे भरला. डॉक्टर फोनवर म्हणाले, कूर्चेत नसाच नसतात, न दुखणं म्हणजे भरणं नव्हे. मग नाही भरला हे तरी तुम्हाला कुणी सांगितलं, विचारलं. फोन ठेवून दिला त्यांनी.

१७ जानेवारी
कुबड्या नेणार नाही. आधीच विधवा, वर काखेत दोन लाकडं. तोंडावर अगंबाई करतील, लिफ्टमध्ये बिचारी म्हणतील. खुर्चीतच बसणार मात्र. पक्कं.

१८ जानेवारी
खुर्ची एकच होती, हेमांगीच्या सासूबाई तिच्यावर. म्हणाल्या, तू बस गं इथं. मी म्हणलं, मला काय धाड भरलीय, अजून झिम्मा खेळते. बसले सतरंजीवर मांडी घालून. हसवलं सगळ्यांना. हेमांगी एकेकीला हळदीकुंकू लावत आली, माझ्यापाशी थांबली, सासूबाईंकडं बघितलं, तिळगूळ आणि वाणाची वाटी हातात दिली आणि पुढं गेली. एवढ्या बायकांत विसरली असेल.
उठताना गुडघ्यात काहीतरी अडकलं. मुंग्या असतील.

२४ जानेवारी
गुडघा सुजलाय, सरळ होत नाही. नोएडाची थंडीच वाईट.

३ फेब्रुवारी
एमआरआय झाला. जाळी सुटून सांध्यात अडकलीय, भोक रिकामं. दुर्बिणीतून काढणार. दुसरी बसवायला डॉक्टर तयार नाहीत, पुढं सांधा बदलायचा. खाली बसला होतात का, विचारलं. नाही म्हणलं. त्यांनी ते लिहून घेतलं. पुष्कर भिंतीकडं बघत होता.
परतताना सोसायटीच्या गेटवर हेमांगीनं आमची गाडी थांबवली. खिडकीत वाकून म्हणाली, काकू, त्या दिवशी कुंकू लावायला माझा हातच धजला नाही हो, सासूबाई बघत होत्या. मी म्हणलं, कधी गं, मला तर आठवत पण नाही.
पुष्कर डिकीतून कुबड्या काढायला गेला. दार उघडं टाकून तशीच बसून राहिले. एकटीला उतरता येईना.