वायर कुठेही खोचली तरी

मंगळवार, संध्याकाळ

उद्यापासून मी आठवडाभर अकोल्याला, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आमच्या बायकांच्या गटाचा भाजीचा, कॉम्प्युटरला जोडलेला वजनकाटा वनिता, माझी धाकटी जाऊ, एकटी सांभाळेल का, हाच घोर होता.

वीज पडून मशीन जळेल म्हणून ती रोज संध्याकाळी कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढून ठेवते. सकाळी वाटेल त्या पोर्टमध्ये खोचते. मग कॉम्प्युटरमधल्या लिनक्सला काटा सापडत नाही आणि मालेगावला जायची वांगी खोळंबतात. किती दिवस तिलाच बोलत राहिले. पण सवय तिचीच का बदलायची, मशीनची का नाही?

म्हणून यूडेव्हचा, म्हणजे जोडलेली वस्तू ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लिहिला. काटा जोडला की ओळखायचा आणि वजनाचा प्रोग्राम आपोआप सुरू करायचा. पहिल्यांदा चुकले. वायरीच्या जातीवरून ओळख दिली होती, आणि पावतीच्या प्रिंटरची वायरही त्याच जातीची. प्रिंटर जोडला तरी वजनाचा प्रोग्राम उघडला.

वनिता म्हणाली, "ताई, यानं तं प्रिंटरच तोलाले घेतला."

मग काट्याच्या वायरीचा स्वतःचा क्रमांक नियमात घातला.

आज तिनेच मुद्दाम पोर्ट बदलून वायर खोचली. प्रोग्राम उघडला. तिने पाच किलोचं माप ठेवलं, पाचच दिसले. तरी मला राहवेना. पुन्हा करून बघ म्हटलं, तर तिने एकेक करत सगळेच पोर्ट करून दाखवले.

"आता जा तुमी बिनघोर. पन वायरी मी काढीनच, सांगून ठेवतो."

काढ, म्हटलं. आता बॅग भरते.