जावातल्या म्हातारीची कॉफी

श्रीगोंदा, ८ मार्च १९७२

आज घरच्या पूजेत भटजींनी पंचगव्य दिलं. शेण, गोमूत्र, सगळं त्यात; मी निमूट प्यालो. आणि तो कप आठवला.

कारखान्यातर्फे जावाला ऊस बघायला गेलो, तेव्हा उतरलो त्या घरच्या म्हातारीने पाहुण्यांसाठी राखलेली कॉफी केली. उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची, हे कळताच मी तिच्यासमोरच थुंकलो. मग आज कशी नाही आली शिसारी? तिला वाटलं, कडू लागली. बिचारीने त्याच कपात साखर घालून तो पुन्हा पुढे केला. मी उठलोच.

आत्ता आई शेजारणीला सांगतेय, "तिकडं आमच्या पोराला लई मान दिला."

दिला ना. दोनदा दिला.