भाऊजींचा सीआरपी

कोथरूड, मंगळवार संध्याकाळ

आज थोरले भाऊजी स्वतःहून माझ्या लॅबमध्ये आले. ताप, खोकला, तोंड एवढंसं झालेलं. "सीआरपी करून टाक गं, इन्फेक्शन किती ते दाखवणारं रक्तातलं प्रोटीन." नाव पाठ झालंय तर! गेल्या वर्षी सासऱ्यांना फ्लू झाला तेव्हा मी हीच टेस्ट करू म्हणत होते. भाऊजी म्हणाले, "व्हायरल आहे, काढा पुरे. तुम्हा लॅबवाल्यांना सगळीकडे आजारच दिसतो." काढाच पाजत राहिले, आणि बाबा न्यूमोनियाने गेले.

भाऊजींचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आलाय. त्यांचे फोनवर फोन. शेवटी उचलला. "अहो, रिपोर्ट उद्या मिळेल. तोवर काढा घ्या."

दुष्टपणा झाला का? झाला असेल. घाबरू देत एक रात्र. काढ्याचा पेला हातात धरून बाबा माझ्याकडेच बघत होते.